खुलासा : ‘सहा ठिपक्यांचं विषारी फुलपाखरू’

काळ्या पंखांवर लाल ठिपके असलेल्या कीटकाचा फोटो सध्या फिरतो आहे. सोबत मजकूर : ‘हे विषारी फुलपाखरू जगभरच्या गवताळ रानांत आढळतं, स्पर्श झाला तरी जीव जातो.’

मुळात हे फुलपाखरू नाही, पतंग आहे : सहा ठिपक्यांचा बर्नेट, शास्त्रीय नाव झायगेना फिलिपेंड्युली. गफलत मात्र समजण्यासारखी आहे. तो भर उन्हात फुलांवर बसतो आणि त्याच्या मिशाही फुलपाखराच्या मिशांसारख्या टोकाकडे जाड होतात, त्यामुळे मिशांवरून ओळखायची नेहमीची युक्ती इथे फसते. बसल्यावर पंख कौलारू छपरासारखे अंगावर मिटलेले दिसतात. पुढचे पंख हिरवट-निळसर झाक असलेले काळे, प्रत्येकावर सहा लाल ठिपके; मागचे पंख लालभडक. कधी दोन ठिपके एकमेकांत मिसळतात आणि मोजणारा पाचावरच थांबतो! क्वचित लालऐवजी पिवळे ठिपकेही असतात.

विषाचं म्हणाल तर त्यात तथ्य आहे. त्याच्या शरीरात सायनाइड सोडणारी संयुगं असतात. अळी ती लोटस नावाच्या प्रजातीतल्या (कमळ नव्हे) रानवनस्पती खाऊन मिळवते, शिवाय स्वतःही तयार करते. पण हा बचाव त्याला खाऊ पाहणाऱ्या पक्ष्यांसाठी. हातावर येऊन बसला म्हणून कुणी दगावत नाही.

‘जगभर’ हेही चूक. तो युरोपात सर्वदूर आहे, पुढे तुर्कस्तान, कॉकेशस आणि सीरिया-लेबनॉनपर्यंत. फोटोखाली भारतातल्या गवताळ माळाचं नाव घातलं असेल, तर ते सरळ खोडा.