कलाकाराच्या कामात त्याचं राज्य शोधणाऱ्यांसाठी

एक गोष्ट मला फार दिवस खटकतेय. घर सोडून दुसरीकडे मोठा झालेला कुठलाही कलाकार असो, चित्रकार असो की गायक, त्याला मुलाखतीत हमखास विचारतात की तुमच्या कामात तुमचं राज्य कुठे दिसतं? मग त्याने तिकडचा एखादा सण, पेहराव, लोकनृत्य असं काहीतरी सांगितलं की सगळे खूश. माझं स्पष्ट मत आहे की माती अशी ठरवून दाखवायला गेलं की त्याचं टुरिझमचं पोस्टर होतं. खरी माती माणसाच्या गळ्यात नाहीतर नजरेत मुरलेली असते आणि बऱ्याचदा त्याची त्यालाही ती खूप उशिरा सापडते.

संगीतकार सचिनदेव बर्मन घ्या. घराणं त्रिपुराच्या राजाचं, जन्म 1906 चा कुमिल्ल्यातला, आणि 1944 ला मुंबईत आले. पुढे तीनेक वर्षांत फाळणी झाली आणि कुमिल्ला पूर्व पाकिस्तानात गेलं, म्हणजे जन्मगाव दुसऱ्याच देशात. पण ‘बंदिनी’ (1963) किंवा ‘गाइड’ (1965) मधला त्यांचा स्वतःचा आवाज नीट ऐका, हेडफोन लावून. तो सूर लांब ताणलेला, जरा नाकातून येणारा, मधेच चिरल्यासारखा होतो. ही भटियाली, म्हणजे बंगालकडच्या नावाड्यांचं गाणं. प्रवाहाबरोबर चाललेल्या होडीत नावाड्याला वल्हं मारायची घाई नसते, पलीकडचा काठ दिसतही नाही इतकी नदी रुंद, म्हणून तो सूर सोडतो तो सोडतोच, तालाची काही पडलेली नसते त्याला. बर्मनदांनी हे सगळं हिंदी सिनेमाच्या चार मिनिटांत बसवलं. ‘गाइड’मध्ये तर नदीही नाही आणि नावाडीही नाही, रस्त्याने चाललेला एकटा माणूस आहे, तरी गळा नदीवरचाच!!

आता चित्रकार सय्यद हैदर रझा. त्यांचं तर मला फारच अप्रूप आहे. 1922 चा जन्म, मंडला जिल्ह्यातलं बाबरिया, वडील जंगलखात्यात, आजूबाजूला नर्मदेकाठचं दाट रान. शाळेत लक्ष लागत नव्हतं म्हणून मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत बस म्हणाले. पुढे मुंबईत जेजे कला महाविद्यालय, आणि 1950 ला पॅरिस. तिथे गेल्यावर त्यांनी ठिपका काढला का? अजिबात नाही, कित्येक वर्षं फ्रान्समधली गावं, घरं, चर्चेस रंगवत होते, सेझान या जुन्या फ्रेंच चित्रकाराच्या कामातून चित्राची बांधणी शिकत होते. तो बिंदू त्यांच्या कॅनव्हासच्या मध्यभागी येऊन बसला तो 1970 चं दशक संपता संपता, म्हणजे पॅरिसमध्ये जवळजवळ तीस वर्षं काढल्यावर. आणि आला तो आठवणींचा उमाळा म्हणून नाही आला, त्याच्याभोवतीचे त्रिकोण आणि चौकोन इतके घट्ट बांधलेले आहेत की मधली सगळी फ्रेंच शिकवणी नसती तर तो बिंदू उभाच राहिला नसता असं मला वाटतं. 1955 साली कुणी त्यांना विचारलं असतं की यात मध्य प्रदेश कुठेय (तेव्हा तर आजचा मध्य प्रदेशही झाला नव्हता) तर त्यांनी काय दाखवलं असतं?

आणि हे राज्य राज्य आपण करतो त्या राज्यांच्या सीमा तरी किती जुन्या? गायक भीमसेन जोशी 1922 चे, गदग भागातले, तेव्हा तो सगळा भाग मुंबई इलाख्यात होता. 1956 ला तो म्हैसूर राज्यात गेला, ज्याचं पुढे कर्नाटक झालं. ते पुण्यात राहिले, अभंग गायले आणि कन्नड दासपदंही (पुरंदरदासांसारख्या तिकडच्या संतांची पदं) तितक्याच जीव तोडून गायले. पुरंदरदासांच्या पदात शेवटी विठ्ठलच येतो आणि तुकोबांच्या अभंगातही विठ्ठलच, मग त्यांनी नेमकं काय मागे सोडलं आणि काय नवीन धरलं हे कुणी सांगावं. पुण्यातले लोक त्यांना आपला म्हणतात आणि धारवाडकडचेही, दोघांचंही बरोबर आहे.

पण सगळ्यात जास्त विचार करायला लावतात ते गायक कुमार गंधर्व. जन्म बेळगावजवळच्या सुळेभावीचा आणि संगीताचं शिक्षण मुंबईत देवधर मास्तरांकडे. टीबी झाला म्हणून 1948 च्या सुमारास हवापालटासाठी माळव्यातल्या देवासला गेले आणि काही वर्षं गाणंच बंद. अंथरुणावर पडून होते आणि कानावर माळव्यातल्या बायकांची गाणी पडत होती. ना ती त्यांची भाषा, ना जन्माची माती. तरी बरे झाल्यावर त्याच धुनांमधून त्यांनी नवे राग उभे केले आणि आज माळवा म्हटलं की शास्त्रीय संगीतवाल्यांना पहिले तेच आठवतात. मला वाटतं लहानपणी आपल्यात माती मुरते कारण तेव्हा आपण काही उपयोग म्हणून ऐकत नसतो, निवडत नसतो, जे कानावर पडतं ते पडतं. मोठेपणी तसं ऐकणं जमत नाही, कामं असतात, मतं असतात. कुमारजींना त्या आजारपणाने तसं ऐकायला दुसऱ्यांदा लावलं, तेही ऐन पंचविशीत, जेव्हा त्यांना स्वतःला गाता येत नव्हतं.