दाबून ठेवलेली ताकद की राखून ठेवलेली?
हातातल्या गेम कन्सोलची ताकद कंपन्या मुद्दाम दाबून ठेवतात, हे अशा कन्सोलच्या वेगाबद्दलच्या एका लेखातील विधान मला अर्धेच पटले. सोनीच्या पीएसपी या हातातल्या कन्सोलचा प्रोसेसर ३३३ मेगाहर्ट्‌झपर्यंत चालू शकत असूनही सुरुवातीला गेमसाठी त्यावर २२२ची मर्यादा होती आणि ती २००७ मध्ये ३.५० या फर्मवेअरने (यंत्र चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या आवृत्तीने) उठली, हे खरे. परंतु ती मर्यादा निव्वळ कंजूषपणाची नव्हती. वेग वाढवताना व्होल्टेजही वाढवावे लागले, तर वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि ती सगळी उष्णता अखेर आपल्या तळहातांपर्यंत येते. निन्टेन्डो स्विचचा ग्राफिक्स भाग डॉकमध्ये (टीव्हीला जोडणाऱ्या स्टँडमध्ये) ७६८ मेगाहर्ट्‌झवर चालतो आणि हातात घेतल्यावर त्याच्या जवळपास निम्म्यावर येतो, तोही याच हिशेबाने.

नाशिकची हवा थंड, असे बाहेरचे लोक अजूनही म्हणतात; त्यांनी एप्रिलच्या दुपारी पंचवटीतल्या आमच्या वरच्या मजल्यावर येऊन बसावे. तिथे मी माझ्या जुन्या पीएसपीचा वेग कस्टम (कंपनीबाहेरच्यांनी बदललेल्या) फर्मवेअरने कायमचा ३३३वर ठेवून पाहिला, तेव्हा अडखळणारे दोन-तीन गेम सुरळीत चालले खरे, पण बॅटरी लवकर उतरू लागली. हल्ली मी तो वेग फक्त गरज असलेल्या गेमपुरताच ठेवतो. लेखकांनी वेगाच्या आकड्यांसोबत तापमान आणि बॅटरीचे आकडेही दिले असते, तर तुलना अधिक प्रामाणिक झाली असती.