टी-शर्ट आधी, टायर नंतर

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून तुमच्या टोळक्यानं छोटी गाडी बनवायची ठरवली आहे, हे ऐकून ऊर भरून आला. कॉलेजांच्या स्पर्धांसाठीची गो-कार्ट असो, खडबडीत वाटेवरची बाजा असो की रेसच्या गाडीसारखी फॉर्म्युला, चार चाकं, एक इंजिन आणि पंचवीस टाळकी एवढंच तर लागतं. एकेकाळी मीही त्या पंचविसांतला एक होतो. तेव्हा हा सल्ला फुकट मिळतोय म्हणून हलक्यात घेऊ नका.

सुरुवात टीमच्या नावापासून करा. अर्थ वेग, वीज किंवा वादळ यांच्यापलीकडे जाता कामा नये. नावावर तीन आठवडे गेले तरी चालतील. मग लोगो, मग टी-शर्ट आणि टी-शर्टच्या पाठीवर प्रत्येकाचं पद. कॅप्टन, व्हाइस कॅप्टन, डिझाइन हेड, स्टिअरिंग हेड, ब्रेक हेड, मीडिया हेड. 'वेल्डिंग कोणाला येतं?' असला प्रश्न या टप्प्यावर विचारून वातावरण बिघडवू नका.

पहिली गो-कार्ट १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्सनं बनवली. तो रेसच्या गाड्या बांधणाऱ्या कारखान्यात काम करायचा. गवत कापायच्या यंत्राचं छोटं टू-स्ट्रोक इंजिन त्यानं नळ्यांच्या सांगाड्यावर बसवलं आणि मदतीला एकच मित्र होता, लू बोरेली. दोन माणसांत गाडी! उरलेल्या तेवीस जणांनी मग काय करायचं, याचा विचारच त्या काळी कोणी केला नाही. तुम्ही तो करा. आठवड्याला दोन मीटिंगा ठेवा आणि दुसऱ्या मीटिंगमध्ये पहिलीला कोण कोण आलं नव्हतं यावर चर्चा करा.

आता डिझाइन. सगळी गाडी कॉम्प्युटरवर बनवा, अगदी वॉशरसकट. पडद्यावर गाडी गोल गोल फिरते, चकाकते, तिच्यातून तेल गळत नाही. खऱ्या गाडीला यातलं काहीच जमणार नाही, म्हणून जीव इथेच लावून घ्या. इंजिनाचा मागचा डावा बोल्ट असा ठेवा की मॉडेलमध्ये तो सुंदर बसेल, पण प्रत्यक्षात त्याच्या आणि पाइपच्या मध्ये पाना घालायला बोटभरही जागा उरणार नाही. मॉडेलमध्ये पाना दाखवायचा नसतोच. ड्रायव्हरही शक्यतो दाखवू नये. त्याचे गुडघे स्टिअरिंगला अडतात, हे कळायला पुढे पुष्कळ वेळ आहे. त्या वेळी ड्रायव्हर बदलता येतो. टीममधला सगळ्यात किडकिडीत मुलगा कोण, यावर आत्तापासून नजर ठेवा.

मग अॅनालिसिस. चेसिसचं, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचं, मागचं टोक कॉम्प्युटरवर घट्ट बांधा आणि पुढून बल लावा. किती लावायचं? चित्रातला जास्त ताणाचा लाल रंग जाऊन हिरवा येईपर्यंत कमी करत जा. यालाच फॅक्टर ऑफ सेफ्टी म्हणतात. एखाद्या कोपऱ्यात लाल ठिपका हटायलाच तयार नसेल, तर रिपोर्टमधलं चित्र दुसऱ्या बाजूनं घ्या.

मटेरियल निवडताना 'क्रोमोली' (क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं पोलाद) हा शब्द तोंडी असू द्या. साधं लोखंड म्हणणारा कधीच कॅप्टन झालेला नाही. क्रोमोली जास्त ताण सोसतं हे खरंच आहे, त्यामुळे पाइप पातळ घेऊन वजन वाचवता येतं. फक्त साधं कार्बन स्टील घ्या की क्रोमोली, दोघांचाही यंग मॉड्युलस, म्हणजे धातूच्या कडकपणाचं माप, २०० गीगापास्कलच्या आसपासच असतो. त्याच मापाच्या पाइपला क्रोमोलीनं लवचिकपणात काडीचा फरक पडत नाही. हे दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात आहे, म्हणून चौथ्या वर्षात कोणाला आठवत नाही. तुम्हीही आठवू नका.

गो-कार्ट करत असाल तर तुमच्यासाठी खास सल्ला आहे: जिथे मोकळी जागा दिसेल तिथे तिरपा पाइप टाका. कार्टला धक्के झेलणारं सस्पेन्शन नसतं आणि दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा डिफरन्शियलही नसतो. मागची दोन्ही चाकं एकाच सळईवर, म्हणजे एक्सलवर, घट्ट बसलेली. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी, आणि दोघं तर एकत्र फिरायला बांधलेली. यातून सुटका एकच. आतलं मागचं चाक क्षणभर उचललं गेलं पाहिजे. पुढची चाकं ज्या पिनांवर वळतात त्यांना मागे दिलेला कल, म्हणजे कॅस्टर, स्टिअरिंग फिरवलं की आतल्या पुढच्या चाकाला खाली दाबतो, चेसिस जरा पिळते आणि मागचं चाक जमीन सोडतं. म्हणजे ती पिळणारी चेसिस हेच कार्टचं सस्पेन्शन. आता तुम्ही तिरपे पाइप टाकून तिचं पिळणंच बंद केलंत, की गाडी एखाद्या करारी म्हाताऱ्यासारखी होते. सरळ जाईल, वळणार नाही. आमची अशीच होती. वर्कशॉपच्या भिंतीपर्यंत अगदी नाकासमोर गेली. रिपोर्टमध्ये आम्ही त्याला 'उत्कृष्ट सरळ-रेषा स्थैर्य' असं लिहिलं आणि सरांनी त्यावर बरोबरची खूण केली.

वेल्डिंग कसं करावं हे वर्कशॉपमधल्या मामांना माहीत आहे, म्हणून ते मामांना विचारू नये. मामा सांगतील की सगळे सांधे आधी टॅक करा, म्हणजे ठिपक्याएवढ्या वेल्डनं जोडा, गुण्या लावून बघा, मग या बाजूला थोडं, त्या बाजूला थोडं असं फिरवत वेल्ड भरा, कारण तापलेलं लोखंड थंड होताना आवळतं आणि अख्खा सांगाडा आपल्याकडे ओढतं. ही जुन्या पिढीची भीती आहे. तुम्ही डावी बाजू एका दमात भरून काढा, रील बनवा आणि उजवी बाजू उद्यावर ठेवा. उद्या सकाळी चेसिस सपाट जमिनीवर ठेवली की तिचे तीन कोपरे टेकतील आणि चौथा हवेत राहील. मग मामांना बोलवा. 'मामा, जरा बघता का?' मामा बघतील, चष्मा कपाळावर सरकवतील आणि म्हणतील, 'काय केलंस रे हे?' त्यानंतर गाडी मामाच बनवतील. पातळ पाइपला पडलेली भोकं बुजवतील, बेअरिंग अडकू नये म्हणून एक्सलची रेषा दोरा लावून जुळवतील, इंजिनाचं आणि मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनची दातेरी चाकं, एका ओळीत आणतील, नाहीतर चेन दर दहा मीटरला उतरली असती. रिपोर्टच्या आभारात त्यांचं नाव 'वर्कशॉप कर्मचारी' असं लिहा. जागा उरलीच तर.

यात अपराधी वाटून घेऊ नका, परंपराच तशी आहे. स्टिअरिंगच्या प्रकरणात तुम्ही 'अॅकरमन जॉमेट्री' लिहाल. वळताना आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं, म्हणून ते बाहेरच्यापेक्षा जास्त वळलं पाहिजे, असा साधा हिशेब. १८१८ साली लंडनमध्ये याचं पेटंट रुडॉल्फ अॅकरमनच्या नावावर निघालं. या गृहस्थांचा मुख्य धंदा पुस्तकं आणि चित्रं छापून विकण्याचा. कल्पना होती म्युनिकला घोडागाड्या बनवणाऱ्या गेऑर्ग लांकेनश्पेर्गरची. अॅकरमन त्याचा इंग्लंडमधला एजंट. दोनशे वर्षं झाली, प्रत्येक व्हायव्हात नाव एजंटाचं घेतलं जातं. थोडक्यात, टीमचे खरे अॅकरमन व्हा. गाडी कोणीही बनवो, कागदावर सही तुमची हवी.

ब्रेकबद्दल फार बोलत नाही. गाडी थांबवायची वेळ यायला ती आधी चालावी लागते. तरी करायचंच असेल तर रंगकाम आधी उरका आणि ब्रेकचं ब्लीडिंग मागाहून करा. नळीत राहिलेली हवा दाबली जाते, म्हणून पेडल स्पंजासारखं खाली जातं, ही हवा काढताना ब्रेक ऑइल हमखास सांडतं आणि ते रंग खातं. ठिकठिकाणी सोललेली गाडी फोटोत अनुभवी वाटते. मी बाजा आणि फॉर्म्युला करणाऱ्यांबद्दल बोलतोय हं. त्यांना चारही चाकं एकदम जाम करून दाखवावी लागतात. फॉर्म्युलावाल्यांची गाडी तर तपासणीत ६० अंशांपर्यंत तिरपी करतात. तेव्हा तेल गळता कामा नये आणि वरची चाकं उचलता कामा नयेत. घाबरू नका, बरेचदा कागदपत्रं अपुरी म्हणून तुम्ही तिथवर पोचतच नाही.

आणि पोचलातच, तर एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याची फेरी असते, साधारण २२ किलोमीटर. निम्म्यावर ड्रायव्हर बदलायचा, इंजिन बंद करायचं आणि तापलेलं असतानाच पुन्हा चालू करायचं. कॉलेजच्या मैदानात जास्तीत जास्त दोनशे मीटर पळालेल्या आणि दर वेळी ढकलून चालू केलेल्या गाडीसाठी हा प्रसंग किती भावनिक असतो, ते शब्दांत सांगता येत नाही. एक नट सुटून कुठेतरी गवतात पडलेला असतो. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असते, म्हणून तो हादऱ्यानं सुटत नाही) वापरा, असं मामा म्हणाले होते. नायलॉक म्हणजे कोणती कंपनी, असं आपण विचारलं होतं.

रिपोर्ट नव्वद पानांच्या खाली नको. निष्कर्षात 'यशस्वीरीत्या' हा शब्द तीनदा तरी यावा. 'भविष्यातील वाव' या मथळ्याखाली गाडीत जे जे राहून गेलं ते सगळं टाका: सस्पेन्शन, रिव्हर्स, वळणे. परीक्षेला बाहेरून आलेल्या एक्स्टर्नल सरांनी गाडी चालवून दाखवा म्हटलं तर पेट्रोल संपल्याचं सांगा. ते खरंही असतं, कारण मीडिया हेडनं शूटिंगसाठी दिवसभर इंजिन चालू ठेवलेलं असतं.

त्यानंतर गाडी वर्कशॉपमागे पत्र्याखाली उभी राहील, जिथे तिच्या आधीच्या चार गाड्या उभ्या आहेत. तुम्ही नोकरीला लागाल, बायोडेटात 'शून्यातून वाहन निर्मिती' लिहाल. पावसाळ्यानंतर नवी पोरं येतील, नवे टी-शर्ट घालून. त्यांना तुमचं इंजिन हवं असेल. तीन बोल्ट निघतील. मागच्या डाव्याशी पाना घेऊन ती तासभर झटतील, आटे घालवतील, शेवटी मामांना हाक मारतील. मामा वाकून बघतील आणि म्हणतील, 'ग्राइंडर आण.'