वर कोमट, खाली गार

साताऱ्यात राजवाड्यासमोरच्या कट्ट्यावर वाद पेटला तो थर्मामीटरवरून. पोरगं म्हणालं, "मे महिन्यात धरणाचं पाणी 29-30 अंशांवर जातं. आंघोळीचं पाणीच की. पोहायला याहून चांगला महिना कुठला?"

मास्तर पोहायला शिकवतात. त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"आंघोळीचं पाणी 38-40 असतं लगा. आणि हे 30 मोजलं कुठं? काठाला, घोटाभर पाण्यात, दुपारी दोनला?"

"व्हय."

"मग ते धरणाचं तापमान नाही, तापलेल्या मुरमाचं. खुल्या पाण्यातल्या शर्यतीला मोजतात तेव्हा मार्गाच्या मध्यावर, 40 सेंटिमीटर खोल, सुरुवातीच्या दोन तास आधी मोजतात. 16 च्या खाली किंवा 31 च्या वर आकडा गेला तर शर्यत नाही."

वरची मर्यादा कशाला, हे पोरग्याला पटेना. गार पाण्यानं माणूस आखडतो हे ठीक, पण कोमट पाण्यानं काय होणार? मास्तर म्हणाले, जोरात पोहताना अंगात उष्णता तयार होते, ती पाण्यानं ओढून न्यावी लागते. पाणीच तापलेलं असेल तर ती अंगातच साठते, आणि पाण्यात घाम आलेला कळत नाही. 2010 मध्ये अमिरातीतल्या फुजैराला 10 किलोमीटरच्या शर्यतीत फ्रान क्रिपन हा अमेरिकेचा नावाजलेला पोहणारा दगावला, तो असल्याच गरम पाण्यात. 31 चा नियम त्यानंतरचा.

पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले काका तोवर गप्प होते. "तुमचं 40 सेंटिमीटर बरोबर, पण माणूस काय आडवाच असतो का? दमला की उभा राहतो. मग पाय कुठं जातात?"

इथं खरी मेख आहे. उन्हाची बहुतेक ऊब वरच्या मीटर-दोन मीटरमध्येच मुरते. तापलेलं पाणी हलकं, ते वरच तरंगत राहतं. गंमत अशी की 10 अंशांचं पाणी 11 झालं तर जेवढं हलकं होतं, त्याच्या तिप्पट हलकं ते 28 चं 29 होताना होतं. म्हणून आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन-तीन अंशांच्या फरकानंही थर घट्ट बसतात. शांत दुपारी छातीशी कोमट आणि पोटऱ्यांना गार, हा त्यातला पातळ थर. सकाळपर्यंत तो बहुतेक मोडतो. मोठा थर त्याच्याही खाली, सहा-आठ मीटरवर. तिथं हिवाळ्यातलं पाणी अजून तसंच पडून असतं. डिसेंबर-जानेवारीत वरचं पाणी थंड होऊन खाली बसतं, सगळं ढवळलं जातं, तेव्हाच काय ते एकसारखं.

"आणि वारा," काकांनी जोडलं. "पश्चिमेचा वारा दिवसभर लागला की कोमट पाणी पूर्वेच्या काठाला ढकललं जातं, पश्चिमेच्या काठाला खालचं गार पाणी वर येतं. एकाच दिवशी, एकाच धरणात, दोन काठांना दोन आकडे. त्यात पश्चिमेच्या काठावरून ट्यूब घेऊन उतरलास तर वारा तुला मध्यावर नेणार. ट्यूब वाऱ्याबरोबर पळते, हातानं पाणी मारून परत येत नाही."

पोरगं म्हणालं, थर कशावरून? मोजून दाखवा. मास्तरांनी रीत सांगितली. अर्ध्या लिटरची काचेची बाटली, बुडाला दोन किलोचं लोखंडी वजन. बाटलीच्या गळ्याला दोरी, दर मीटरला गाठ. बुचाला दुसरी, वेगळी दोरी बांधायची, तिचं टोक नावेत आपल्या हातात, थोडी ढील ठेवून. बाटली बूच लावून नावेतून सोडायची, हवी ती गाठ पाण्याला टेकली की बुचाच्या दोरीला झटका द्यायचा. बूच निघतं, बुडबुडे येतात. ते थांबले की भरभर वर ओढून थर्मामीटर बाटलीतच घालायचा आणि सावलीत, बाहेर न काढता वाचायचा. बूच घट्ट मारलं तर झटक्यानं सगळी बाटलीच उचलली जाते. सैल ठेवलं तर वाटेतच भरते. पाच मीटरच्या खाली नादाला लागू नये, पाण्याचा दाब बूच आत दाबून धरतो.

थंडीचा मुद्दा कट्ट्यावरच्या एका सांगलीकरानं काढला. जानेवारीत पाणी 21-22 असतं, मग पहाटे ते उबदार का लागतं? कारण बाहेरची हवा 12-13 असते. गारठा बाहेर निघाल्यावर, ओल्या अंगाला वारा लागल्यावर. शिवाय पाणी हवेच्या पंचवीसपट वेगानं ऊब ओढतं, त्यामुळे तासाभरानं 22 सुद्धा बोटं वाकडी करतं. बाहेर आल्यावरही अंगाचं आतलं तापमान काही वेळ उतरतच राहतं. आधी ओले कपडे काढायचे, अंग पुसायचं, टोपी-स्वेटर, मग गोड चहा. लगेच कढत पाणी अंगावर घ्यायचं नाही.

"तापमान राहू द्या," काका म्हणाले. "माणूस बुडतो तो काठामुळं."

मे महिन्यात पाणी मागं सरकतं. उघड्या गाळाला वरून भेगा पडलेल्या, खाली लोणी. एक पाय गुडघ्यापर्यंत गेला की दुसऱ्यावर जोर देऊन तो काढावा लागतो, मग दुसराही जातो. पुढं नदीचं जुनं पात्र, तिथं एका पावलात कमरेचं पाणी डोक्यावर. आणि आता नवी भानगड: शेतात टाकायला जेसीबीनं गाळ उचलतात, त्याचे सरळ भिंतीचे खड्डे. पावसात धरण भरलं की ते दिसेनासे होतात. काठाला उथळ म्हणून उतरलेलं पोर त्यात जातं.

"मग पोहायचं कधी?"

"नोव्हेंबरात. गढूळपणा बसलेला, पाणी 25 च्या आसपास, वारा पडलेला. काठाला बुडालेल्या बाभळी आणि मासेमारीची जाळी, तेवढी सांभाळायची. सांडव्याकडं आणि विमोचकाकडं, म्हणजे धरणातून पाणी सोडायच्या दाराकडं, फिरकायचं नाही. पण त्या काठाची पाहणी आत्ता, मे महिन्यात. पाणी मागं असताना चालून बघ, खड्डा कुठं, विहीर कुठं, खुंट कुठं. झाडाच्या, खांबाच्या खुणेनं लिहून ठेव." आणि पोहायला मनाई अशी पाटी लावलेली असेल तिथं नाही म्हणजे नाही, हेही काकांनी सुनावलं. कास तर शहराच्या पिण्याचं पाणी, तिथं विषयच नको.

सांगलीकर हसला. "आमचं सोपं. कोयनेच्या पायथा वीजगृहातून 2100 क्युसेक सोडलं की आमची कृष्णा हलते. बाकी वेळी मगर बघायची. थंडीत सकाळी ती उन्हाला वाळूवर येते, तेव्हा दिसते तरी. मे महिन्यात पाण्यातच, आणि अंडी घातलेली असली तर काठावर राखण."

पोरगं तोवर मोबाईलवर बाटलीची यादी करत होतं. दोन किलोचं वजन भंगारात मिळेल, दोरी मिळेल. बूच मात्र आजकाल कुठल्याच बाटलीला नसतं, सगळी फिरकीची झाकणं. मास्तर म्हणाले, औषधाच्या दुकानात विचार, नाहीतर प्रयोगशाळेचं सामान विकतात तिथं रबरी मिळेल, फक्त वरून दोरी ओवायला भोक असलेलं घेऊ नकोस, पाणी आत जातं.