नवं रेझिन, तेच जड पाणी: मिरजेच्या सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, तुमची प्रतिक्रिया कडक आहे, पण तपशील देऊन लिहिलेली आहे. म्हणून उत्तर चार ओळींत उरकत नाही.

बाकीच्यांसाठी आधी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. सॉफ्टनरचं, म्हणजे जड पाणी मऊ करणाऱ्या यंत्राचं, रेझिन (आतले बारीक दाणे) घरच्या घरी बदलता येतं, असं मी लिहिलं होतं. ते वाचून तुम्ही बोअरच्या लाइनवरच्या तुमच्या सॉफ्टनरमधलं जुनं रेझिन काढलं, २५ लिटरची नवी पिशवी भरली आणि ४ किलो मीठ घालून रिजनरेशन केलं, म्हणजे मीठपाण्यानं रेझिन पुन्हा ताजं केलं. तरी टीडीएस (पाण्यात विरघळलेला एकूण माल) दाखवणारा मीटर आधी ८५० दाखवत होता तो आता ८६० दाखवतोय. नळांवर पांढरे डाग पडतातच. बॅकवॉशला, म्हणजे खालून वर उलटं पाणी सोडून धुताना, नवं रेझिन गटारात वाहून गेलं आणि काही दाणे शॉवरच्या जाळीत सापडले. तुमचा निकाल असा, की रेझिन बोगस, लेख अर्धवट, आणि मेकॅनिकचे पैसे वाचवायला सांगणारे लोक शेवटी दुप्पट खर्चात घालतात. जाता जाता एक टोलाही आहे: ‘इकडं वाळवा-पलूसच्या जमिनी क्षारानं चालल्यात आणि तुम्ही घरोघरी मीठ सोडायला सांगताय.’

टोल्याकडं नंतर येतो, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात वजनदार मुद्दा तोच आहे.

आधी टीडीएस मीटर बाजूला ठेवा. सॉफ्टनर पाण्यातून क्षार काढून टाकत नाही, अदलाबदल करतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम रेझिनला चिकटतात आणि त्यांच्या जागी सोडियम पाण्यात उतरतं. विरघळलेला माल जवळजवळ तेवढाच राहतो, वजनानं किंचित वाढतोसुद्धा. मीटर तर वजनही करत नाही, पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजून त्यावरून आकडा काढतो. म्हणजे ८५० चे ८६० झाले म्हणून रेझिन नापास होत नाही, आणि ८४० झाले असते तरी पास झालं नसतं. टीडीएस उतरवणं हे आरओचं काम. मीटर विकणारे हे सांगत नाहीत, हा भाग वेगळा.

मोजायचा असतो तो हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा. थेंब मोजायचं किट मिळतं: नमुन्याला आधी लालसर-जांभळा रंग येतो, मग एकेक थेंब टाकत तो निळा होईपर्यंत मोजायचं. किट येईपर्यंत दोन सारख्या बाटल्या घ्या, एकीत बोअरचं पाणी, दुसरीत सॉफ्टनरचं, आणि दोन्हीत सारखाच चिमूटभर किसलेला अंगाचा साबण टाकून हलवा. मऊ पाण्यात फेस येतो आणि टिकतो, जड पाण्यात दह्यासारखा साका होतो. शॅम्पू किंवा कपड्याची पावडर घेऊ नका, त्यांचा फेस जड पाण्यातही होतो.

नमुना घ्यायची जागाही महत्त्वाची. शॉवर, गिझर, गच्चीवरची टाकी यांत जुनं पाणी मिसळलेलं असतं. सॉफ्टनरच्या आउटलेटलाच बाटली धरा, आणि बायपासचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद आहे का ते आधी बघा. तो पाव आटा जरी उघडा राहिला तरी नवं रेझिन वाया.

डागांचंही तसंच. मऊ पाण्याचा थेंब वाळला तरी मागे पांढरं राहतं, पण ते सोडियमचे क्षार असतात, ओल्या फडक्यानं निघतात. फडक्यानं हलत नसेल आणि लिंबू लावल्यावर बारीक बुडबुडे येत असतील तर तो कॅल्शियमचा थर. तुमच्या नळांवर नवे डाग यांपैकी कुठले, हे तुम्ही लिहिलेलं नाही. गिझरच्या कॉइलवर वर्षानुवर्षं बसलेला थर आठवड्यात जाणार नाही, त्यावरून रेझिनची परीक्षा करू नका.

आता ‘रेझिन बोगस’. ही शंका मी सगळ्यात शेवटी धरतो, त्याला कारण आहे. सॉफ्टनरसाठी विकलं जाणारं रेझिन सोडियम भरलेल्या अवस्थेतच येतं. म्हणजे मीठ न घालता नुसतं धुऊन चालू केलं तरी पहिले तीन-चार दिवस मऊ पाणी मिळायला हवं. दुकानदारानं चुकून डीएम प्लांटचं (सगळेच क्षार काढणाऱ्या यंत्राचं), सोडियमऐवजी हायड्रोजन भरलेलं रेझिन दिलं असतं तरी हार्डनेस गेला असता, उलट पाणी आंबट झालं असतं आणि मीटरचा आकडाही असा जागच्या जागी राहिला नसता. तसं झालेलं नाही. तेव्हा दुकानात भांडायला जाण्याआधी पाणी नक्की *कधी* जड होतं ते बघा. मी तर म्हणेन, निम्मं निदान या एका प्रश्नात आहे.

रिजनरेशन आणि रिन्स (उरलेलं मीठ धुऊन काढणं) संपल्यावर लगेच एक नमुना घ्या, दुसरा पुढच्या दिवशी आणि तिसरा आणखी तीन दिवसांनी. पहिल्याच नमुन्यात हार्डनेस आहे, बोअरपेक्षा कमी पण शून्याजवळ नाही, आणि पुढेही तेवढाच राहतो, असं दिसलं तर कच्चं पाणी रेझिनला वळसा घालून येतंय. बायपास बंद असेल तर पहिला संशयित: मधल्या राइजर पाइपच्या (मऊ पाणी तळातून वर आणणाऱ्या नळीच्या) डोक्याशी बसणारी ओ-रिंग. टाकीच्या डोक्यावरचा व्हॉल्व्ह परत बसवताना ती दुमडते, नाहीतर राइजर तिरका राहून व्हॉल्व्हच्या खाचेत नीट शिरत नाही. व्हॉल्व्ह काढा, ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, राइजर सरळ धरून पुन्हा बसवा. खर्च ओ-रिंगचा.

पहिला नमुना छान, दुसराही छान आणि तिसरा जड, असं असेल तर यंत्रात काही बिघाड नाही, हिशेबात आहे. तुमच्या बोअरचा हार्डनेस तुम्ही लिटरमागे ५०० मिलिग्रॅम दिलाय. (पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंत योग्य, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या असं आहे. म्हणजे तुमचं पाणी वरच्या कडेलाच.) २० लिटर रेझिनला (तुमच्या टाकीत तेवढंच बसतं, ते पुढे येईल) ४ किलो मीठ दिलं तर ते साधारण १२५० ग्रॅम हार्डनेस धरतं. तुमच्या पाण्यात लिटरला अर्धा ग्रॅम, म्हणजे झाले २५०० लिटर. घरात पाच माणसं, माणशी १३५ लिटर धरलं तर पावणेचार दिवसांत खेळ खलास. आणि तुम्ही लिहिता, ‘नेहमीप्रमाणे पंधरा दिवसांनी रिजनरेशन करतो.’ सर, उरलेले अकरा दिवस तुम्ही बोअरचं पाणीच वापरताय. पूर्वीही तेच होत असणार, फक्त नव्या रेझिनवर पैसे घातल्यामुळे आता लक्ष गेलं.

तिसरा प्रकार: सुरुवातीचे काही दिवस पाणी मऊ होतं, त्यानंतर कितीही रिजनरेशन करा, जडच. याचा अर्थ कारखान्यातून भरून आलेलं सोडियम संपलं आणि तुमचं मीठ रेझिनपर्यंत पोचतच नाही. व्हॉल्व्ह रिजनरेशनवर ठेवून मिठाच्या टाकीत पाण्याच्या पातळीला खूण करा. वीस मिनिटांत पातळी हलली नाही तर ओढ नाही. इंजेक्टर पाण्याच्या वेगावर मीठपाणी ओढतो आणि त्याला दीड-दोन किलो तरी दाब लागतो. गच्चीवरची टाकी दहा मीटर उंच असेल तेव्हा एक किलो मिळतो, बैठ्या घरात त्याच्या निम्मासुद्धा नाही. प्रेशर पंप रिजनरेशनच्या वेळी चालू होता का? पंप असूनही ओढ नसेल तर मीठपाण्याच्या बारीक नळीचा जोड बघा, कुठं हवा ओढतोय का. मग इंजेक्टर काढून त्याचं भोक साफ करा, खडे मिठातली माती नेमकी तिथंच अडकते. ड्रेनची नळीही बघा. ती वाकलेली असेल, बारीक असेल किंवा उंच चढवून गटारात सोडली असेल तर मागून दाब येतो आणि इंजेक्टर गप्प बसतो. सगळं ठीक असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी ड्रेनचं पाणी जिभेला खारट लागतं. रिन्सच्या शेवटी खारट लागायचं थांबलं पाहिजे.

गटारात गेलेल्या रेझिनचं कारण तुमच्या फोटोतच आहे. व्हेसलवर (रेझिनच्या टाकीवर) ०८४४ लिहिलंय: ८ इंच व्यास, ४४ इंच उंची, आत साधारण ३३ लिटर जागा आणि तळाला गोटे. बॅकवॉशमध्ये रेझिन दीडपट फुगून वर उचललं जातं, तसं ते उचललं गेलं तरच घाण सुटते. २५ चे झाले साडेसदतीस, ते बसणार कुठं? गेलं ड्रेनमधून. या व्हेसलला २० लिटर पुरे. पिशवी २५ ची मिळते म्हणून सगळी ओतायची नसते. पुढच्या वेळी उरलेलं ओलसर ठेवून सावलीत झाकून ठेवा, वाळलेले दाणे पाण्यात पडले की तडकतात. तुमच्याकडं जे जायचं होतं ते वाहून गेलंय, त्यामुळे आता उपसत बसू नका. पुढच्या बॅकवॉशला ड्रेनच्या तोंडाला जुना पायमोजा बांधा आणि दाणे अजून येतात का ते बघा.

शॉवरमधले दाणे ही वेगळी भानगड. रेझिन ओतताना राइजरच्या तोंडाला टेप लावली नसेल तर खसखशीएवढे दाणे पाइपात पडतात आणि पाणी सुरू झालं की थेट नळांत येतात. असे पडलेले दाणे आठवड्याभरात संपतात. संपलेच नाहीत तर तळाचा स्ट्रेनर (दाणे अडवणारी जाळी) फुटलाय, मग सगळं पुन्हा बाहेर. गोटे ओतण्याआधी आत थोडं पाणी घेतलं नाही तर ते वरून आपटून स्ट्रेनरला चीर जाते.

आता जमिनीचं. तुमचा रोख बरोबर आहे, आणि गंमत म्हणजे व्हेसलमधलं आणि रानातलं रसायन एकच आहे. ही अदलाबदल पहिल्यांदा नीट अभ्यासली गेली ती मातीतच: १८५० मध्ये थॉम्पसन आणि वे या दोघा इंग्रजांनी खत मातीतून झिरपताना काय होतं ते पाहिलं आणि माती अमोनिया धरून कॅल्शियम सोडते हे लिहून ठेवलं. कृत्रिम रेझिन त्यानंतर कितीतरी वर्षांनी आलं. आपल्या काळ्या रानातली चिकणमाती म्हणजे निसर्गानं भरलेलं रेझिनच. तिच्यावर कॅल्शियम असतं तोवर ती रवाळ राहते, पाणी खाली जाऊ देते. सोडियम चढलं की कण सुटे होतात, भेगा बुजतात, पाणी वर साचतं आणि रान चोपण होतं. मग शेतकरी जिप्सम टाकतो, म्हणजे कॅल्शियम घालून सोडियम हुसकावतो. आपण मीठ घालून रेझिनवर करतो त्याच्या नेमकं उलट.

तुम्ही म्हणता त्या वाळवा-पलूसच्या, कृष्णाकाठच्या जमिनी बिघडल्या त्या सॉफ्टनरमुळं नव्हेत. बारमाही ऊस, मोकाट पाणी, न होणारा निचरा आणि त्यानं वर आलेलं खारं भूजल ही त्याची कारणं. म्हणून तर तिथं जिप्समच्या जोडीला जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकावे लागतात, कारण हुसकावलेलं सोडियम वाहून गेलं नाही तर खर्च पाण्यात. पण म्हणून परसात मीठपाणी सोडायला परवानगी मिळत नाही. दर चार दिवसांनी ४ किलो म्हणजे महिन्याला ३० किलो मीठ. ते नारळाच्या आळ्यात किंवा शोषखड्ड्यात गेलं तर तेवढा तुकडा चोपण होणार आणि शेजारच्या बोअरलाही त्याची चव लागणार. ड्रेन बंद गटारातच सोडा. गटार नसेल तर सॉफ्टनर बसवू नका, हे मी स्पष्टच म्हणतो.

मीठ कमीही करता येतं. २० लिटर रेझिनला ४ ऐवजी २ किलो दिलं तर क्षमता निम्मी होत नाही, साधारण सत्तर टक्के राहते, म्हणजे १८०० लिटरच्या आसपास. रिजनरेशन लवकर करावं लागतं, पण मऊ पाण्याच्या दर लिटरमागे मीठ बरंच कमी लागतं. त्याहून मोठी बचत लाइन वेगळी करण्यात आहे: गिझर, शॉवर आणि वॉशिंग मशीन एवढ्यालाच सॉफ्टनरचं पाणी द्या, संडासची टाकी, अंगण आणि कुंड्या थेट बोअरवर. कुंड्यांना तर मऊ पाणी देऊच नका, वर सांगितलेलं चोपण कुंडीत फार लवकर होतं. तुमच्या घरी बीपीचं माणूस आहे, तेव्हा स्वयंपाकाचं आणि पिण्याचं पाणीही सॉफ्टनरमधून घेऊ नका. ५०० हार्डनेस काढताना लिटरमागे २३० मिलिग्रॅम सोडियम वाढतं. नळाला येणारं नदीचं शुद्ध केलेलं पाणी त्यासाठी ठेवा, नाहीतर आरओ.

मेकॅनिक नकोच, असं माझं म्हणणं नव्हतं आणि नाही. ओ-रिंग, इंजेक्टर आणि हिशेब एवढं घरी होतं. तळाचा स्ट्रेनर फुटला असेल तर मात्र बोलवा. पाण्यानं आणि रेझिननं भरलेली व्हेसल या वयात एकट्यानं आडवी करायची नाही. तो आला की त्याला आधीच सांगून ठेवा, भरायचं ते २० लिटरच. नाहीतर तोही पिशवी रिकामी करूनच जाईल.