पी हळद, हो गोरी

पीएच.डी.ला नाव नोंदवलं तेव्हा लेक पाचवीत होती. आता ती बारावीत आहे. परवा पाहुण्यांसमोर म्हणाली, "आमच्या घरात शिकणारे दोघंजण आहेत, पण माझं यंदा संपेल."

विषय घरचाच म्हणून घेतला होता : सांगलीचा हळद बाजार. मामा अडत दुकानात दिवाणजी होते. मे महिन्याच्या सुट्टीत मी हळकुंडांच्या ढिगावरून घसरगुंडी खेळलोय आणि शाळा उघडल्यावर पिवळे तळवे घेऊन वर्गात बसलोय. पण घसरगुंडी संदर्भ म्हणून धरत नाहीत. प्रबंधाचं दुसरं प्रकरण असतं 'संदर्भ साहित्याचा आढावा', म्हणजे तुमच्याआधी या विषयावर कोण कोण काय बोलून गेलं त्याची हजेरी. माझं पहिलं प्रकरण झालं, तिसरं निम्मं झालं, पण दुसरं म्हटलं की मला कपाट आवरायची आठवण यायची. गाईड सरांचा दर महिन्याला एकच मेसेज : "प्र. २ ?" शेवटी शेवटी त्यांनी 'प्र.'सुद्धा सोडला. नुसतं "२ ?" यायचं.

अशात आमच्या कॉलेजात विद्यापीठाच्या ग्रंथालयातर्फे कार्यशाळा झाली, 'संशोधनात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर'. चहाच्या आधी त्या यंत्राकडून काय काय करून घेता येतं ते सांगितलं, चहानंतर काय करून घेऊ नये ते. मी चहाला निघून आलो. प्रमाणपत्र आधीच मिळालं होतं.

त्या रात्री जेवणं उरकल्यावर लॅपटॉप उघडला आणि लिहिलं, "सांगलीच्या हळद बाजारावरचे संशोधनपर संदर्भ दे." ओट्यावर दूध तापत होतं. ते उतू जायच्या आत बेचाळीस संदर्भ हजर! लेखक, साल, शीर्षक, नियतकालिक, खंड, अंक, पृष्ठं, सगळं अकारविल्हे. सात वर्षं मी काय करत होतो, असं वाटून डोळ्यांत पाणी आलं. सौ.ला बोलावून दाखवलं. तिने पदर खोचता खोचता यादीकडे पाहिलं आणि म्हणाली, "पी हळद अन् हो गोरी." मी तो आशीर्वाद समजलो.

एक शंका तेव्हाच यायला हवी होती. हौसेने मी पुढे विचारलं होतं, "हरिपूरच्या पेवांबद्दल सांग." उत्तर आलं, "पेव हे हरिपूर परिसरातील पारंपरिक शीतपेय असून उन्हाळ्यात पाहुण्यांना आवर्जून दिले जाते." खाली कृती. वेलदोडा ऐच्छिक. आता सांगलीकराला पेव म्हणजे काय ते सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी : कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ हरिपुरात जमिनीत खोल खणलेली, तोंडाशी अरुंद आणि पोटात ऐसपैस अशी हळद साठवायची कोठारं. तिथल्या मातीत ओल शिरत नाही, हळदीला कीड लागत नाही, माल वर्षानुवर्षं टिकतो. २००५ च्या महापुराने त्यातली पुष्कळ निकामी केली. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही, कोंडलेली हवा आधी बाहेर जाऊ देतात. मी मात्र झाकण काढलं आणि थेट उडी मारली. शीतपेय खोडलं, 'अहो, ते कोठार' म्हणून कळवलं. त्याने नम्रपणे माफी मागितली आणि लगेच पेवांवरचे आणखी चार संदर्भ दिले. इतकं अदबीने वागणारं खोटं बोलत असेल, असं कुणाच्या मनात येईल?

सकाळी सेहेचाळीस नावांची यादी घेऊन ग्रंथालयात गेलो. मॅडमनी चष्मा लावला. आधी संगणकावर, मग शोधगंगेवर, म्हणजे देशभरातले प्रबंध जिथे ठेवलेले असतात तिथे, मग आणखी कुठे कुठे शोधलं. शिपाई मामा पुस्तकं काढून द्यायला टेबलाशी उभे होते. त्यांनी यादीत डोकावून विचारलं, "सर, हे पाटील कुठलं म्हणायचं? तासगावचं का शिराळ्याचं?"

"का हो मामा?"

"न्हाई, एका यादीत अकरा पाटील, सात देशमुख, सा कुलकर्णी. एवढ्या मान्सांनी हळदीवर लिवलं, आन् बाजारात एकबी कधी दिसला न्हाई?"

मॅडमनी एका संदर्भाखालचा डीओआय उघडला. डीओआय म्हणजे लेखाचा आधार क्रमांक; एका लेखाला एकच, जन्मभरासाठी. उघडल्यावर निघाला तो गुरांच्या खुरांच्या रोगावरचा लेख. दुसरा क्रमांक उघडलाच नाही. तिसऱ्या ठिकाणी नियतकालिक खरं होतं, पण संदर्भातला खंड निघायला त्याला अजून नऊ वर्षं होती.

मी म्हटलं, "आपल्याकडे नसेल. विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मागवू." मॅडमनी माझ्या समाधानासाठी यादी पाठवली. तासाभरात तिकडून फोन. मॅडम "हो... हो... नाही, तब्येत बरी आहे त्यांची" एवढंच बोलल्या.

मग त्यांनी मला चहानंतरचा भाग सांगितला. "सर, ते आपल्यासारखं शोधत नाही. पुढचा शब्द कुठला शोभेल ते ठरवत जातं. लग्नपत्रिका कशी, नावं न वाचतासुद्धा अर्धी पाठ असते. आमचे येथे श्रीकृपेकरून म्हटलं की पुढचं आपोआप येतं. तुम्ही संदर्भ मागितलेत, त्याने संदर्भाची पत्रिका छापून दिली. नवरा-नवरी आहेत का, हे त्याने बघितलेलंच नाही. काही यंत्रांना आता शोध जोडलेला असतो, पण तरी दुवा उघडून वाचायचा आपणच."

मी शेवटचा हुकमी एक्का काढला. "पण मॅडम, त्याच्याकडून चार पानं लिहून घेतली होती. वाङ्मयचौर्याच्या तपासणीत तीनच टक्के साम्य आलं! यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंत चालतं."

"येणारच की. जे कुठेच नाही, ते कशाशी जुळणार?"

मामांनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

मी अडत्याच्या खातेवहीचे फोटोही त्या यंत्रात टाकले होते, बेरजा करायला. हे सांगितल्यावर मात्र मॅडम चिडल्या. "माणसाने विश्वासाने वही उघडून दाखवली, आणि तुम्ही ती कुठल्या परक्या संगणकावर पाठवलीत? त्यांना विचारलंत?" नव्हतं विचारलं. बेरजाही चुकल्या होत्या, पण ते मी सांगितलं नाही.

मग सेहेचाळिसातून गाळून गाळून तीन खरे निघाले. आणि आता खरी गंमत. मॅडमनी विचारलं, "जुने अहवाल कशाखाली शोधलेत?"

"सांगली जिल्हा."

"१९६० च्या आधी सांगली जिल्हा होता का?"

अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने इथे गप्प बसावं. १९४९ साली जिल्हा झाला तो 'दक्षिण सातारा' या नावाने. सांगली हे नाव मिळालं १९६० मध्ये. म्हणजे मधल्या अकरा वर्षांचे कागद 'दक्षिण सातारा' नावाने, आणि त्याआधीचे सांगली संस्थानच्या दप्तरात नाहीतर सातारा जिल्ह्याखाली. यंत्राला हे ठाऊक असेलही, पण मी विचारलं नाही म्हणून त्याने सांगितलं नाही. मॅडमना मी विचारलंच नव्हतं, तरी त्यांनी सांगितलं. मामांनी मागच्या कपाटातून धूळ झटकत तीन बाडं आणली. दोघांनाही मी सात वर्षं रोज "नमस्कार" म्हणत वाचनकक्षात पेपर वाचायला जात होतो.

त्या यंत्राला त्यांनी हाकलून मात्र दिलं नाही. माझ्याच लॅपटॉपवर त्याला विचारलं, हळद साठवणुकीवर इंग्रजीत शोधायचं तर कुठले कुठले शब्द वापरता येतील? त्याने वीसेक शब्द दिले, हळदीच्या शास्त्रीय नावासकट. ते घेऊन शोध मॅडमनी स्वतः केला आणि दुपारपर्यंत अकरा लेख निघाले, खरे, आईबाप असलेले. त्यातला एक क्लिष्ट इंग्रजी लेख त्यांनी यंत्राकडून सोप्या मराठीत करून घेतला, मग मला मूळ लेखाशेजारी बसवून ओळ न् ओळ ताडून बघायला लावली. एका ठिकाणी क्विंटलचा टन झाला होता. यंत्र कुठे आणि कशासाठी वापरलं ते प्रबंधात एका परिच्छेदात लिहायचं, असंही बजावलं. मी विचारलं, सहलेखक म्हणून नाव टाकू का? त्यांनी फक्त चष्मा काढला.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नाही. त्या सेहेचाळिसांत एक संदर्भ माझाही होता. माझं नाव, आडनाव, आद्याक्षरं बरोबर, साल २०१६, शीर्षक 'पेवांचा ऱ्हास आणि सांगलीच्या हळद बाजारातील भांडवलाची गरज'. मी असा लेख कधीही लिहिलेला नाही. २०१६ साली मी प्रामुख्याने वार्षिक स्नेहसंमेलनाचा कार्याध्यक्ष होतो. पण शीर्षक काय सुंदर होतं! पेवात माल ठेवून त्याच्या पावतीवर उचल घ्यायची, हे दिवाणजी मामांच्या तोंडून शंभरदा ऐकलेलं. पेवं गेल्यावर त्या उचलीचं काय झालं, हा प्रश्न सात वर्षांत मला सुचला नव्हता. खोटे त्रेचाळीस खोडताना पेन त्या एकापाशी थांबलं. त्याच्या आजूबाजूचं खोटं सगळं खोडलं.

प्रकरण दोन पंधरा दिवसांत गेलं. गाईड सरांचा या वेळी चक्क फोन आला. "अहो, छान झालंय! मुख्य म्हणजे आटोपशीर. आणि तो तुमचा २०१६ चा लेख कुठे लपवून ठेवला होता? पाठवा की, वाचतो."

"तो... सर, तो जरा..."

"जुना अंक असेल. ग्रंथपालबाईंना सांगा, त्या काढून देतील."

काल हरिपुरात जाऊन आलो. एक म्हातारबाबा पेवाच्या काठावर बसून दोन तास बोलले. आधी विचारून मगच वही काढली. आता रात्रीचे बारा वाजलेत, दूध फ्रीजमध्ये आहे, आणि मी तो लेख लिहायला बसलोय. शीर्षक तयारच आहे. साल तेवढं बदलावं लागेल.