दोरी देणे म्हणजे दोरी सैल सोडणे नव्हे

सप्रेम नमस्कार.

नावेच्या अगदी कडेशी आमिषावर झेपावणाऱ्या मोठ्या माशाला पहिल्या उसळीत दोरी द्यावी, या माझ्या सल्ल्यावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. दोरी दिली की ती सैल पडून मासा गळ झटकतो, हा पहिला. झुंज लांबली की परत सोडायचा मासा थकून मरतो, म्हणून ड्रॅग, म्हणजे किती ताणावर दोरी सुटावी हे ठरवणारा रीलचा ब्रेक, घट्ट आवळून त्याला तिथेच रोखावे आणि लगेच जाळ्यात घ्यावे, हा दुसरा. दुसऱ्यातला बराच भाग मला मान्य आहे. पहिला मान्य नाही.

मासा ३० मीटरवर लागतो तेव्हा पहिला धक्का मधली दोरी सोसते. नायलॉनची दोरी १० टक्के ताणली गेली, तरी तेवढ्या अंतरात ३ मीटर लवचीकता मिळते. तीच दोरी रॉडच्या टोकापुढे एक मीटर उरली असेल, तर मिळतात फक्त १० सेंटिमीटर, आणि विणलेली दोरी तर जवळजवळ ताणतच नाही. मस्कीसारखा (उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला मोठा शिकारी मासा) मासा आमिषामागे नावेपर्यंत येतो, गळ लागताच वळतो किंवा थेट नावेखाली सूर मारतो, आणि ड्रॅग आवळलेला असेल तर त्या सगळ्या वजनाचा झटका रॉड, गाठ आणि गळ यांवर एकाच क्षणी येतो. मी स्वतः अनेक वर्षे ड्रॅग आवळूनच धरत असे. एकदा असाच रोखून धरलेला मासा सुटला आणि आमिष माझ्या चेहऱ्याजवळून मागे उडाले. त्याच्या तिहेरी गळाचा एक काटा सरळ झालेला होता. तेव्हापासून माझे मत बदलले.

सैल दोरीने मासा जातो, हे आपले म्हणणे खरेच आहे. पण दोरी देणे म्हणजे ताण सोडणे नव्हे. बेटकास्टिंग रीलवर अंगठा स्पूलवर (दोरी गुंडाळलेल्या, फिरणाऱ्या रिळावर) दाबलेला ठेवूनच दोरी मोकळी करणारे बटण दाबायचे आणि अंगठ्याखालून दोरी घासत जाऊ द्यायची. मासा थांबला की हँडल फिरवून रील पुन्हा गुंतवायचे. स्पिनिंग रीलवर (ज्याचे स्पूल दोरी फेकताना फिरत नाही) एवढी चपळाई साधत नाही, म्हणून तिथे ड्रॅग आधीच दोरीच्या तुटण्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश एवढा ठेवलेला बरा. रॉड मात्र कोणत्याही परिस्थितीत डोक्यावर उभा करू नये, कारण मग सगळा भार बारीक टोकावर येतो आणि माशाचे डोके पाण्याबाहेर निघते, जिथे त्याला जड आमिष झटकून टाकणे सोपे जाते. रॉड खाली, आडवा ठेवावा, आणि मासा नावेखाली गेलाच तर टोक पाण्यात बुडवून नावेच्या टोकाला वळसा घालावा.

आता थकव्याविषयी. दीर्घ झुंजीत माशाच्या स्नायूंत आम्ल साचते, आणि कोमट पाण्यात प्राणवायू कमी असल्याने त्याला सावरायला अधिक अवघड जाते, त्यामुळे झुंज उगाच लांबवू नये याबद्दल आपल्यात दुमत नाही. मी दोरी द्यायला सांगतो ती पहिल्या उसळीपुरती. ती ओसरली की ड्रॅग हळूहळू वाढवून मासा नेटाने जवळ आणावा. उसळी चालू असताना जाळे पुढे केले, तर माशाच्या तोंडाबाहेर लोंबणारा गळ जाळ्यात अडकतो आणि मासा बाहेरच राहतो. जाळे आधी पाण्यात धरून माशाचे डोके त्यात शिरू द्यावे, आणि मासा पाण्यातच ठेवून लांब पक्कडीने गळ काढावा. गळ खोल रुतला असेल, तर तो कापण्यात कसूर करू नये.

आपल्या आक्षेपामुळे माझ्या लेखातील एक उणीव मात्र लक्षात आली. तिथे मी केवळ ‘दोरी सोडावी’ असे लिहिले होते, अंगठ्याचा उल्लेखच नव्हता, आणि ते वाचून कोणी खरोखरच दोरी मोकळी सोडली असती. ते वाक्य आज बदलून ‘अंगठ्याचा दाब न काढता दोरी द्यावी’ असे केले आहे.